डाग दिसला, पुढे?

2020 आणि 2021 या दोन वर्षांत एचआरसीटी हा शब्द महाराष्ट्रात घराघरांत पोहोचला. त्याआधी छातीचं सीटी स्कॅन म्हणजे मोठ्या हॉस्पिटलातली, मोठ्या आजारातली गोष्ट. करोनाच्या लाटेत मात्र 'स्कोअर किती आला?' हे ताप विचारावा इतक्या सहज फोनवर विचारलं जाऊ लागलं. पंचवीसपैकी आठ म्हणजे घरीच राहा, अठरा म्हणजे बेड शोधा, असं गणित ज्याच्या त्याच्या तोंडी बसलं. सेंटरांबाहेर रांगा लागल्या, सरकारला स्कॅनचे दर बांधून द्यावे लागले. लाट ओसरली, पण त्या स्कॅनांत करोनाखेरीज भलतंच काही सापडलेली माणसं मागे राहिली. रिपोर्टच्या तळाशी एक ओळ असायची: उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात 5 मिमीची गाठ, काही महिन्यांनी पुन्हा पाहावी. कुणी ती वाचलीच नाही. कुणाची त्या ओळीने झोप उडाली.

ही पुस्तिका त्या ओळीबद्दल आहे, आणि त्याच्या एक पायरी आधीच्या प्रश्नाबद्दल. ज्याला काहीही होत नाही अशा धडधाकट माणसाने फुप्फुसाचा कॅन्सर आहे का हे पाहायला सीटी स्कॅन करून घ्यावं का? खोकल्यातून रक्त पडतंय, आवाज बसून महिना झालाय, वजन उतरतंय, अशा माणसाबद्दल हा वाद नाही. त्याने लगेच डॉक्टर गाठायचा. वाद आहे तो तक्रार नसलेल्यांबद्दल, म्हणजे स्क्रीनिंगबद्दल.

या आजाराइतके बळी दुसरा कुठलाही कॅन्सर घेत नाही. 2022 मध्ये जगभरात सुमारे 25 लाख लोकांना तो झाला आणि सुमारे 18 लाख त्याने गेले. कारण साधं आहे. फुप्फुसाच्या आतल्या भागाला दुखणं कळत नाही. गाठ चांगली वाढली तरी माणूस जिने चढतो, शेतावर जातो. त्रास सुरू होतो तेव्हा आजार बहुधा बाहेर पसरलेला असतो, आणि ऑपरेशनची वेळ गेलेली असते.

मग लवकर शोधा, एवढंच ना? 'लवकर सापडला तर बरा होतो' हे वाक्य कॅन्सरच्या प्रत्येक पोस्टरवर असतं आणि त्याबद्दल कुणाला शंका येत नाही. फुप्फुसाच्या बाबतीत या वाक्याने भल्याभल्यांना चकवलं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने 1971 मध्ये सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर एक अभ्यास सुरू केला. त्यात 9,211 जणांचे दोन गट पाडले. एका गटाचा सहा वर्षं दर चार महिन्यांनी छातीचा फोटो आणि बेडक्याची तपासणी, दुसऱ्या गटाला नुसता नेहमीचा सल्ला. 1983 पर्यंत पहिल्या गटात 206 कॅन्सर सापडले, दुसऱ्यात 160. पहिल्या गटातल्या गाठी जास्त करून लहान, कापून काढता येण्याजोग्या होत्या. निदानानंतर ही माणसं जगलीही जास्त वर्षं. आता मृत्यू पाहा: पहिल्या गटात 122, दुसऱ्यात 115. सातचा फरक योगायोगाचा म्हणून सोडून दिला तरी फायदा कुठेच दिसत नव्हता.

हे कसं होतं ते समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही, म्हणून इथे जरा थांबतो. समजा, दोन मित्र आहेत. दोघांनाही एकाच जातीचा कॅन्सर आणि दोघेही सत्तराव्या वर्षीच जाणार आहेत. एकाचा आजार खोकला आल्यावर अडुसष्टाव्या वर्षी कळला, तो दोन वर्षं जगला. दुसऱ्याचा फोटोत त्रेसष्टाव्या वर्षीच दिसला, तो सात वर्षं जगला. पाच वर्षं जगणाऱ्यांच्या तक्त्यात दुसऱ्याचं नाव लागतं, पहिल्याचं नाही. हॉस्पिटलच्या जाहिरातीतही दुसराच येतो. आयुष्य त्याचं एका दिवसानेही वाढलेलं नाही. वाढली ती कॅन्सरचा पेशंट म्हणून काढलेली वर्षं. शिवाय झपाट्याने वाढणारी गाठ दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उगवते आणि माणसाला घेऊन जाते. तपासणीच्या जाळ्यात जास्त करून अडकतात त्या मुळातच संथ गाठी. त्यातल्या काही तर इतक्या संथ की त्या सापडल्या नसत्या तरी माणूस म्हातारपणी हृदयविकाराने गेला असता आणि त्याला कॅन्सर होता हे कुणाला कळलंही नसतं. सापडल्यावर मात्र त्याची छाती उघडली जाते.

म्हणून स्क्रीनिंगच्या बाबतीत 'आमचे इतके टक्के पेशंट पाच वर्षं जगले' या आकड्यावर विसंबू नये. चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला तपासायचं, दुसऱ्याला नाही, आणि शेवटी दोन्हीकडचे मृत्यू मोजायचे. दुसरा खात्रीचा रस्ता नाही.

सीटी स्कॅन आलं आणि हाच धडा पुन्हा गिरवावा लागला. गॉडफ्रे हौन्सफील्डच्या यंत्रावर पहिल्या पेशंटच्या मेंदूचं स्कॅन 1971 मध्ये लंडनमध्ये झालं. 1979 चं नोबेल त्याला आणि अ‍ॅलन कॉरमॅकला मिळून मिळालं. 1990 च्या सुमाराला गोल गोल फिरत एका श्वासात अख्खी छाती टिपणारी यंत्रं आली आणि साध्या फोटोत बरगडीमागे लपणाऱ्या गाठी दिसू लागल्या. न्यूयॉर्कच्या क्लॉडिया हेन्श्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये 1,000 धूम्रपान करणाऱ्यांचे निष्कर्ष छापले: सीटीत 27 कॅन्सर, त्याच माणसांच्या साध्या फोटोत 7. सत्तावीसपैकी 23 पहिल्या टप्प्यातले. 2006 मध्ये त्यांचा मोठा लेख आला. 31,567 लोकांची तपासणी, आणि पहिल्या टप्प्यात सापडलेल्यांपैकी 88 टक्के दहा वर्षं जगतील असा अंदाज. आकडा छातीत धडकी भरवणारा नव्हता, उलट आशा लावणारा होता. पण त्यात तुलनेचा दुसरा गटच नव्हता. टीकाकारांनी मेयोची आठवण करून दिली. 2008 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने बातमी दिली की या संशोधनाला पैसे देणाऱ्या एका प्रतिष्ठानामागे सिगारेट बनवणाऱ्या लिगेट कंपनीच्या मूळ कंपनीचे 36 लाख डॉलर होते, आणि हे लेखाच्या वाचकांना सांगितलेलं नव्हतं. नियतकालिकांना खुलासे छापावे लागले. माझ्या मते हेन्श्केबाईंचं अंतर्मन बरोबर होतं आणि पुरावा अपुरा होता. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

पुरावा दुसरीकडे तयार होत होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने 2002 पासून 33 केंद्रांत 53,454 लोक गोळा केले. वय 55 ते 74, आणि किमान 30 पॅक-वर्षं सिगारेट ओढलेले. रोज वीस सिगारेटींचं एक पाकीट वर्षभर ओढलं की एक पॅक-वर्ष. रोज दोन पाकिटं पंधरा वर्षं ओढली तरी तीसच. सोडलेल्यांना सोडून पंधरा वर्षांपेक्षा जास्त झालेली नसावीत. अर्ध्यांचं कमी किरणांचं सीटी, अर्ध्यांचा साधा फोटो, वर्षाला एक असे तीनदा. नोव्हेंबर 2010 मध्ये निकाल इतका स्पष्ट दिसू लागला की अभ्यास थांबवून तो जाहीर केला गेला. सीटीच्या गटात फुप्फुसाच्या कॅन्सरने झालेले मृत्यू 20 टक्क्यांनी कमी होते. या आजारात स्क्रीनिंगने जीव वाचतात याचा पहिला भक्कम पुरावा तो हा.

वीस टक्के म्हणजे किती, हे मात्र डोळे उघडे ठेवून पाहायला हवं. एक हजार अशा भारी धोक्याच्या माणसांपैकी साडेसहा वर्षांत साध्या फोटोच्या गटात 21 जण या कॅन्सरने गेले, सीटीच्या गटात 18. तीन जीव वाचले. तीन ही थोडी गोष्ट नव्हे. औषधांच्या दुनियेत याहून कमी फायद्यावर मोठमोठ्या कंपन्या उभ्या आहेत. पण अठरा जण स्कॅन करूनही गेले, हेही त्याच तक्त्यात आहे. आणि तिसरी गोष्ट: सीटी केलेल्या दर दहांपैकी चौघांना तीन वर्षांत कधी ना कधी 'काहीतरी दिसतंय' असं सांगितलं गेलं. ज्या ज्या वेळी दिसलं त्यातल्या 96 टक्के वेळा तो कॅन्सर नव्हता. बहुतेकांचं पुन्हा एक स्कॅन करून भागलं. काहींच्या छातीत सुई गेली, काहींचं ऑपरेशन झालं. तपासणीच्या अशा शस्त्रक्रियेनंतर किंवा सुईनंतर दोन महिन्यांच्या आत सीटीच्या गटातले 16 जण दगावले. त्यातल्या सहांना कॅन्सर नव्हताच. मृत्यू त्या सुईमुळेच आले असं म्हणता येत नाही, पण हा आकडा मी नजरेआड करू शकत नाही. जे ठणठणीत होते त्यांना आपण बोलावून घेतलं होतं.

एक भीती मात्र बरीच निवळली. सुरुवातीला वाटलं होतं की सीटीत सापडणाऱ्या कॅन्सरपैकी बरेच निरुपद्रवी असतील. अकरा वर्षांनी पुन्हा मोजलं तेव्हा दोन्ही गटांतल्या कॅन्सरची एकूण संख्या जवळजवळ सारखी निघाली. म्हणजे सीटीने बहुतांशी तेच कॅन्सर आधी शोधले होते जे पुढे त्रास देणारच होते. हे धूम्रपान करणाऱ्यांबद्दल खरं. न करणाऱ्यांकडे मी पुढे येतो.

स्कॅन करून घेणं हे या सगळ्यातलं सोपं काम. टेबलावर उताणं झोपायचं, हात डोक्याच्या मागे. 'श्वास घ्या, रोखून धरा' असा रेकॉर्ड केलेला आवाज येतो, टेबल कड्यातून सरकतं, दहाएक सेकंदांत आटोपतं. इंजेक्शन नाही, उपाशी राहणं नाही. किरणांचा डोस सुमारे दीड मिलिसिव्हर्ट, म्हणजे जमीन, हवा आणि आकाशातून वर्षभरात आपल्या अंगावर येतो त्यापेक्षा कमी. नेहमीच्या छातीच्या सीटीत तो याच्या चार-पाच पट असतो, म्हणून चिठ्ठीवर 'लो डोस' लिहिलंय का, हे पाहून घ्यावं.

कसरत पुढे आहे. रेडिओलॉजिस्टच्या समोर पडद्यावर एकेक मिलिमीटरच्या चकत्यांची काहीशे चित्रं असतात. तो माऊसच्या चाकाने गळ्यापासून पोटापर्यंत खाली येतो, पुन्हा वर जातो. काळ्या हवेत पांढरे ठिपकेच ठिपके. आडवी कापली गेलेली रक्तवाहिनी म्हणजे पांढरा ठिपका, गाठ म्हणजेही पांढरा ठिपका. फरक कळतो तो सरकवताना. वाहिनी चित्रागणिक पुढे जाते, तिला फांदी फुटते. गाठ दोन-चार चित्रांत उगवते आणि मावळते. सापडली की तिची कड पाहायची: गुळगुळीत आहे की काटेरी? आत चुना साठलाय का? फुप्फुसाच्या दोन पाळ्यांमधल्या पडद्याला चिकटलेली त्रिकोणी बारीक गाठ बहुधा लसिकाग्रंथी असते, तिला सोडून द्यायचं.

आणि मग मोजायचं. नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या नेल्सन या अभ्यासाने इथे सगळ्यात शहाणपणाचा बदल केला. त्यांनी गाठीची रुंदी सोडून घनफळ मोजलं, आणि मधल्या आकाराच्या गाठीला लगेच सुई न लावता तीन महिन्यांनी पुन्हा पाहिलं. घनफळ दुप्पट व्हायला 400 दिवसांपेक्षा कमी लागतील असा वेग दिसला तरच पुढे जायचं. सहा मिलिमीटरची गाठ घनफळाने दुप्पट होते तेव्हा तिची रुंदी फक्त साडेसात मिलिमीटर झालेली असते. पट्टी लावून पाहणाऱ्याच्या हातून हा फरक सहज निसटेल. या एका बदलाने पुढच्या तपासण्यांसाठी पाठवाव्या लागणाऱ्यांचं प्रमाण दर स्कॅनमागे सुमारे 2 टक्क्यांवर आलं. 2020 मध्ये निकाल छापून आला: दहा वर्षांत पुरुषांमधले या कॅन्सरचे मृत्यू 24 टक्क्यांनी कमी. स्त्रियांमध्ये फायदा त्याहून जास्त दिसला, पण त्यांची संख्या लहान होती.

तेव्हा सगळी मदार जुन्या चित्राशी तुलना करण्यावर आहे. आपल्याकडे लोक रिपोर्टचा कागद जपतात आणि सीडी फेकतात. उलट करावं. कागदावरचं 'काही विशेष नाही' पाच वर्षांनी कुणाच्या कामाला येणार नाही. सीडीतली चित्रं येतील.

इंग्लंडने या पुराव्याचं काय केलं ते थोडक्यात. 2016 च्या सुमाराला मँचेस्टरच्या गरीब वस्त्यांत बाजाराच्या पार्किंगमध्ये स्कॅनची व्हॅन उभी केली. हॉस्पिटलच्या पायऱ्या न चढणारी माणसं भाजी घेता घेता आत आली. 1,384 जणांच्या स्कॅनमध्ये 42 जणांना कॅन्सर निघाला, बहुतेकांना सुरुवातीच्या टप्प्यातला. आज तिथे हा राष्ट्रीय कार्यक्रम झाला आहे. अमेरिकेने 2021 मध्ये वयाची अट 50 आणि धूम्रपानाची अट 20 पॅक-वर्षांवर आणली, तरी तिथले हक्काचे लोक फार थोडे येतात. विम्याचा देश, त्याची रड वेगळी.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे छातीच्या फोटोत डाग दिसला की पहिला शब्द येतो टीबी, आणि तो उगाच येत नाही. जगातल्या दर चार टीबी रुग्णांत एक भारतात आहे. बऱ्या झालेल्या टीबीच्या खुणा कितीतरी फुप्फुसांत आयुष्यभर राहतात: बारीक गाठी, चुन्याचे खडे, ओढलेले व्रण. अमेरिकेत किंवा नेदरलँड्समध्ये बसवलेले नियम या फुप्फुसांवर जसेच्या तसे लावले तर खोट्या इशाऱ्यांचा पूर येईल. याची दुसरी बाजू जास्त दुःखाची आहे. कॅन्सरच्या डागाला टीबी समजून सहा महिन्यांचा कोर्स दिला जातो, आणि तो संपेपर्यंत ऑपरेशनची वेळ निघून जाते. कॅन्सरच्या डॉक्टरांना ही गोष्ट नवी नाही. स्क्रीनिंगच्या आधी हे थांबलं तरी किती जीव वाचतील!

दुसरी अडचण धोका मोजण्याची. पॅक-वर्षाचं गणित पाकिटातल्या सिगारेटवर बेतलेलं आहे. आपल्याकडे बिडी जास्त. तिच्यात तंबाखू कमी, पण ती विझू नये म्हणून दम जास्त आणि खोल मारावा लागतो. बंडलाची बेरीज सिगारेटच्या पाकिटाशी कशी लावायची? त्यात मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये पाहिलेल्या रुग्णांच्या एका नोंदीत फुप्फुसाचा कॅन्सर झालेले निम्म्याच्या आसपास लोक कधीच धूम्रपान न केलेले निघाले. यात बायका बऱ्याच. चुलीचा धूर, शहराची हवा, दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर, अंगातली जनुकं, यांचा वाटा अजून नीट वेगळा करता आलेला नाही. मग यांनाही तपासावं? तैवानने कुटुंबात हा आजार असलेल्या, धूम्रपान न करणाऱ्यांसाठी सरकारी स्कॅन सुरू केलं. पण त्याआधीच स्कॅन पसरू लागल्यावर तिथल्या बायकांमध्ये पहिल्या टप्प्याचे कॅन्सर कित्येक पटींनी वाढलेले दिसले होते, शेवटच्या टप्प्याचे मात्र फारसे कमी झाले नव्हते. वर जी भीती धूम्रपान करणाऱ्यांबाबत निवळली असं म्हटलं, ती इथे शाबूत आहे.

पुराव्याने चालणारं स्क्रीनिंग आपल्याला जमणार नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 पासून 1,31,746 स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा अभ्यास झाला. बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलने आणि टाटा मेमोरियलने तो आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेबरोबर केला. गावांचे गट चिठ्ठ्या टाकून ठरवले होते. एकाच एचपीव्ही तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, आणि तो निकाल जगभराच्या धोरणांत गेला. ज्या बाईची तपासणी सदोष आली तिला उपचार कुठे मिळणार हे तिथे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. फुप्फुसासाठी तशी सोय म्हणजे सुईने नेमका तुकडा काढणारा हात, तो वाचणारा पॅथॉलॉजिस्ट, छातीचा सर्जन आणि खर्च उचलणारी योजना. स्कॅनचं यंत्र जिल्ह्याच्या गावी आहे. बाकीचे बहुधा पुण्या-मुंबईत.

म्हणूनच चाळिशी उलटलेल्या सगळ्यांसाठी 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजात छातीचं सीटी घालणाऱ्यांवर माझा राग आहे. आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला मुलं ही पॅकेजं भेट देतात. ज्याने आयुष्यात बिडी ओढली नाही अशा पंचेचाळिशीच्या माणसाला त्यातून फायदा होतो याचा पुरावा नाही. चार मिलिमीटरची गाठ आणि वर्षभराची धास्ती मिळण्याची शक्यता मात्र चांगलीच आहे. उलट पन्नाशी ओलांडलेला, वीस-तीस वर्षं रोज पाकीट किंवा बंडल संपवणारा ड्रायव्हर, गवंडी, हमाल, ज्याला खरंच उपयोग होईल, त्याच्या घरी अशी भेट सहसा जात नाही. त्याने आपल्या डॉक्टरकडे हा विषय काढावा. स्कॅन कुठे होईल यापेक्षा वर्षभराने त्याची तुलना कोण करणार, आणि गाठ वाढली तर पुढे कुणाकडे, हे आधी विचारावं. उत्तर मिळालं नाही तर दुसरं सेंटर शोधावं.

पुढची प्रकरणं याच क्रमाने लिहिली आहेत. ज्यांच्या हातात आधीच रिपोर्ट आहे त्यांनी सरळ गाठींच्या मापाच्या प्रकरणाकडे जायला हरकत नाही. तंबाखू सोडण्याचं प्रकरण शेवटी आहे म्हणून ते कमी महत्त्वाचं समजू नये. अमेरिकेतल्या त्याच मोठ्या अभ्यासाचे आकडे पुन्हा तपासले तेव्हा दिसलं की सात वर्षं सिगारेट बंद ठेवणाऱ्यांच्या मृत्यूंत झालेली घट सीटीमुळे झालेल्या घटीइतकीच, म्हणजे 20 टक्के होती. पंधरा वर्षं बंद आणि सोबत स्कॅन, असं दोन्ही असेल तर 38 टक्के. स्कॅनसाठी आलेला माणूस आधीच घाबरलेला असतो आणि ऐकायच्या मनःस्थितीत असतो, त्यामुळे त्याच दिवशी त्याच्याशी बोलायला समुपदेशक तिथे हवा. तो नसेल तर सरकारचा मोफत क्रमांक आहे: 1800-11-2356.